आरोपीला धरताना माझे हात थरथरतात

आदरणीय मॅडम,
मी ठाणे शहर पोलीस दलात शिपाई आहे. वय २७. सात महिन्यांपासून आमच्या पोलीस ठाण्याच्या डीबी पथकात, म्हणजे गुन्हे शोधून आरोपी पकडणाऱ्या पथकात आहे. तीन आठवड्यांपूर्वी मोबाइल हिसकावणाऱ्या एका मुलाला उचलायला आम्ही चौघं साध्या कपड्यांत एका चाळीत गेलो. मी त्याचा उजवा हात धरला. त्यानं तोंडातून ब्लेड काढून डाव्या हातानं फिरवलं, माझ्या जोडीदाराच्या मनगटाला आठ टाके पडले. ओढाताणीत त्यानं माझ्या हाताला चावा घेतला. कातडी फाटली, त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. मग त्याला पालथं पाडलं, दोघं जण पाठीवर बसले, तेव्हा कुठे बेडी लागली. तो "श्वास घेता येत नाही" म्हणून ओरडत होता, ते अजून कानात आहे. बाहेर "पोरं पळवणारे आलेत" असा ओरडा झाला, दोन विटा येऊन पडल्या. कसेबसे निघालो.
मी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, बाकी काही केलं नाही. तेव्हापासून बेडी हातात घेतली की हात थरथरतात. गेल्या आठवड्यात एका बाईला ताब्यात घ्यायला मला नेलं, तर मी जिन्यातच थबकले. एक वरिष्ठ म्हणाले, "ओंबळे साहेबांनी एके-४७ धरली, आणि तू चावल्याला घाबरतेस?" वडील म्हणतात, ऑफिसात बदली मागून घे. माझं चुकलं का? मी या कामाला लायक नाही का? बदली मागू का?
– एक शिपाई, ठाणे

प्रिय मुली,

पत्रातलं पोलीस ठाण्याचं आणि वस्तीचं नाव मी छापण्याआधी काढलं आहे. तुझे प्रश्न तीन आहेत, पण मी आधी चाव्याबद्दल बोलणार, कारण त्यातली काही कामं याच आठवड्यात व्हायला हवीत.

लाळेतून एचआयव्ही पसरत नाही, आणि माणसाच्या चाव्यातून तो होण्याची शक्यता फारच कमी असते. हे पहिल्यांदा मनात पक्कं कर. पण रक्ताळलेलं तोंड आणि फाटलेली कातडी एकत्र आली की जखम त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची असते. एचआयव्ही रोखणारं औषध, ज्याला दवाखान्यात पीईपी म्हणतात, ते ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. ती वेळ आता गेली. त्यामुळे रक्त तपासून घे. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या तपासणीचं आणि सल्ल्याचं केंद्र असतं. तुला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ पडेल. तपासणी मोफत असते, निकाल गुप्त ठेवतात. एकदा आता, एकदा घटनेला सहा आठवडे झाल्यावर आणि एकदा तीन महिन्यांनी. जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर एचआयव्हीबद्दल माहिती देणारा १०९७ हा फोन आहे.

आणि जोडीदाराला बरोबर घेऊन जा. ब्लेड त्या मुलाच्या रक्ताळलेल्या तोंडातून निघालं आणि तुझ्या जोडीदाराच्या मनगटात गेलं. तुझ्या चाव्यापेक्षा ती जखम जास्त काळजीची आहे. टाके घातले, पट्टी बांधली, म्हणजे विषय संपला असं त्याला वाटत असेल तर माझं नाव सांग.

मला एचआयव्हीपेक्षा जास्त चिंता हिपॅटायटिस बीची, म्हणजे बी काविळीची वाटते. हा विषाणू रक्तातून कितीतरी सहज लागतो. बाधित रुग्णाला टोचलेली सुई लागली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन इतकी धरतात. लस न घेतलेल्या माणसाला बी कावीळ होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. लस आहे, तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. तुझ्या वयाच्या बहुतेकांना ती बाळपणी सरकारी लसीकरणात मिळालेली नाही, कारण देशभर तिचा समावेश व्हायला २०११ उजाडलं. भरतीच्या वेळी किंवा प्रशिक्षणात दिली होती का, ते आठव. नसेल तर उशीर करू नकोस.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ सांगतो की ज्या आस्थापनेत कामामुळे असा संपर्क होण्याचा मोठा धोका आहे, तिनं आपल्या माणसांना खबरदारीची साधनं, प्रशिक्षण आणि गरज पडली तर पीईपी द्यायला हवं. आपण हा कायदा फक्त डॉक्टर-नर्सचा समजतो. गर्दुल्ल्याच्या खिशात हात घालणाऱ्या पोलिसाचाही तो आहे, असं मला ठामपणे वाटतं. जीपमध्ये हातमोज्यांचा डबा ठेवा म्हणून लेखी मागणी कर. दोनशे रुपयांची वस्तू आहे, कुणी नाही म्हणणार नाही. फक्त आजवर कुणी मागितली नसेल.

आणखी एक विचारते. तुझ्या चाव्याची नोंद झाली आहे का? जोडीदाराला टाके पडले म्हणून त्याचं मेडिकल झालं असेल, गुन्ह्यात सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं, भारतीय न्याय संहितेचं कलम १२१ आणि १३२ लागलं असेल. तुझं? बायका-मुलींच्या बाबतीत हे फार होतं. "मला काही नाही झालं" असं आपणच म्हणतो, आणि कागदावर खरंच काही झालेलं नसतं. उद्या त्यातून आजार निघाला तर तो कर्तव्यावर झाला हे दाखवायला तुझ्याकडे काय आहे? स्टेशन डायरीत उशिरा का होईना नोंद कर, डॉक्टरांचा कागद जोड. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये कर्तव्य बजावताना झालेल्या दुखापतीसाठी विशेष विकलांगता रजेची तरतूद आहे. तुला ती लागू नये अशीच माझी इच्छा आहे, पण तिचा आधार शेवटी तो पहिल्या दिवशीचा कागदच असतो.

आता, तुझं चुकलं का.

तू उजवा हात धरलास आणि त्यानं डावा वापरला. डावा कुणाचा होता? चौघांत कुणी बोलायचं, कुणी कुठला हात धरायचा आणि कुणी काहीही न धरता नुसतं बघत उभं राहायचं, हे निघण्याआधी ठरलं होतं का? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. अशी पथकं मी नोकरीत जवळून पाहिली आहेत, म्हणून अंदाज करते की खबऱ्याचा फोन आला असेल, "आत्ता घरी आहे" म्हणून, आणि टिप वाया जाऊ नये म्हणून सगळे चहाचा ग्लास खाली ठेवून उठले असतील. अटक करताना होणाऱ्या बहुतेक दुखापती या उठण्यातच ठरून जातात. आरोपी किती दांडगा होता, हे त्यानंतर येतं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ नीट वाच. अटक करायची म्हणजे अंगाला हात लावायचा किंवा माणसाला रोखून धरायचं, पण तो बोलण्यातून किंवा वागण्यातून स्वतःहून ताब्यात येत असेल तर हात लावायची गरजच नाही. म्हणजे कायद्यानंच आधी बोलायला जागा ठेवली आहे. ते दहा-वीस सेकंद फार कामाचे असतात. "पोलीस. हात दाखव." एवढं स्पष्ट म्हणायचं आणि एक पाऊल मागं थांबायचं. आपल्या सगळ्यांची नजर समोरच्याच्या तोंडावर खिळते, कारण बोलणं तिथून चाललेलं असतं. नजर हातांवर हवी. कमरेकडे, उशीखाली, तोंडाकडे वळलेला हात ज्याला दिसेल त्यानं ओरडून सांगायचं. आणि हे ज्याचे स्वतःचे हात ओढाताणीत अडकले आहेत त्याला दिसत नाही. चौथा माणूस मोकळा ठेवायचा तो यासाठी.

संहितेच्या कलम १०५ नं आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आलं आहे. चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण घरझडतीही घ्यायची असेल तर चौघांतल्या एकाचा हात मोबाइल धरण्यात जातो. चार माणसं मोजून निघालात तरी दाराशी तीनच असता. हे साहेबांना निघण्याआधी सांगायला हवं.

आणि ती जागा. चाळीतलं घर त्याचं असतं. मागचा दरवाजा, पत्र्यावर चढायची जागा, स्वयंपाकघरातली सुरी कुठं आहे, सगळं त्याला पाठ असतं. दार अरुंद, एका वेळी एक जण आत. आई, बहीण, शेजारी मध्ये पडणार. तोच मुलगा सकाळी टपरीवर चहा प्यायला एकटा उभा असतो. मोबाइल हिसकावणं हा न्याय संहितेच्या कलम ३०४ चा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये हे बजावलं, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे एक तर नोटीस द्यायची किंवा अटक का हवी याची कारणं लिहायची. सराईत असेल, माल काढायचा असेल, तर अटक योग्यच. पण त्याच रात्री, त्याच गल्लीत? तो खून करून पळणारा नव्हता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी धरला असता तर कुणाचंही काही बिघडलं नसतं, आणि तुझ्या जोडीदाराचं मनगट शाबूत राहिलं असतं. ही बाब तू एकटीनं ठरवलेली नाहीस. ती तुझी चूक म्हणून मी मान्य करणार नाही.

गर्दीचंही तसंच. साध्या कपड्यातली चार अनोळखी माणसं रडणाऱ्या पोराला ओढत नेताना दिसली तर वस्तीनं काय समजावं? कलम ३६ म्हणतं की अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख हवी. डीबीवाले ही ओळख खिशात ठेवतात. गल्लीच्या तोंडाशी गणवेशातले दोघं आणि दिवा लावलेली गाडी असती तर "पोरं पळवणारे" हा ओरडा उठायला जागाच राहिली नसती. कल्याणजवळच्या अंबिवलीत आरोपी धरायला गेलेल्या पथकांवर जमावानं दगडफेक केल्याच्या बातम्या तू वाचल्याच असशील. दुसऱ्या हद्दीत जाताना तिथल्या पोलीस ठाण्याला कळवून, त्यांची माणसं घेऊन जाणं हा मानपानाचा विषय करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. विटा मात्र नेहमी शिपायाच्या डोक्यात पडतात.

गाडीच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट सांगून ठेवते, कारण नाकाबंदीला तुलाही उभं राहावं लागत असेल. एप्रिल २०२३ मध्ये वाशीत एका वाहतूक पोलिसाला बॉनेटवर घेऊन नशेतल्या चालकानं गाडी सुमारे २० किलोमीटर पळवली. तो पोलीस वाचला. चालू इंजिनाच्या गाडीसमोर कधी उभी राहू नकोस. नंबर टिपून पुढच्या नाक्याला कळवलेलं पुरतं.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य, जे तू प्रश्न म्हणून विचारलं नाहीस. "तो श्वास घेता येत नाही म्हणून ओरडत होता, ते अजून कानात आहे." माझ्या मते तुझ्या हातांच्या थरथरण्यात ब्लेडइतकाच या वाक्याचा वाटा आहे. आणि ते तुला ऐकू येत राहिलं, याचा मला आदर वाटतो.

माणूस पालथा असला आणि पाठीवर वजन असलं की छाती फुलायला आणि पोटातला श्वासपडदा खाली सरकायला जागा राहत नाही. तो धावून दमलेला, दारू किंवा एमडीसारखी नशा घेतलेला, पोट सुटलेला असेल तर धोका आणखी वाढतो. गुदमरणारा माणूस हातपाय झाडतो, अंग वर उचलायला बघतो. आपल्याला वाटतं तो प्रतिकार करतोय, म्हणून आपण आणखी दाबतो. "बोलतोय ना, म्हणजे श्वास चालू आहे" असं आपल्यात सर्रास म्हणतात. ते चूक आहे. चार शब्द ओरडण्याइतकी हवा आत-बाहेर होत असली तरी शरीराला ती पुरेशी असतेच असं नाही. आणि ओरडणारा एकाएकी गप्प झाला तर तो शांत झाला असं समजू नये. त्या क्षणी सगळं सोडून त्याची छाती हलते का ते बघायचं आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावायचा.

करायचं काय, तर बेडी लागली की लगेच पाठीवरून उतरायचं, त्याला कुशीवर वळवायचं, मग बसवायचं. बेडी मनगटावर आवळत जाणार नाही अशी कुलूपबंद करायची. कलम ४६ एका ओळीत सांगतं की पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच बंधन, त्यापलीकडे नाही.

अमेरिकेत मिनिआपोलिसला मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसांच्या गुडघ्याखाली गेला, ते सगळ्या जगानं पाहिलं. त्यातला एक भाग इकडे फारसा बोलला गेला नाही. त्याचे पाय धरलेला एक पोलीस नोकरीत अगदी नवा होता. त्यानं विचारलं होतं, याला कुशीवर वळवू या का? वरिष्ठ नाही म्हणाला. नव्यानं पुढं जोर धरला नाही. त्यालाही तुरुंगात जावं लागलं. आपल्याकडे कोठडीत मृत्यू झाला तर कलम १९६ प्रमाणे दंडाधिकारी चौकशी करतात, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं, आणि त्या चौकशीत "मी फक्त पाय धरले होते" हे उत्तर कुणाला वाचवेल याची खात्री मी देणार नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा केलेला एक पोरगा हकनाक मेला असता, आणि त्याची आई दारात उभी होती.

पथकातल्या हवालदार दादांना हे कसं सांगायचं? त्या क्षणी वाद घालू नकोस. निघण्याआधी चौघांत ठरवून घे की मोकळा उभा असलेला माणूस "बेडी लागली, कुशीवर" असं म्हणेल आणि सगळे ऐकतील, मग तो हुद्द्यानं कितीही लहान असो. दादांना म्हण, "दादा, उद्या काही झालं तर पहिलं नाव तुमचं येईल." वीस वर्षं नोकरी झालेला माणूस निवृत्तिवेतनाचा विचार करतो, त्याला हे लगेच कळतं. अटकेनंतरची कलम ५३ ची वैद्यकीय तपासणीही उरकून टाकायचं काम समजू नका. अंगावर काय होतं आणि काय नव्हतं, याचा तुमच्या बाजूचा तोच पुरावा असतो.

बेडी लागल्यावर सगळे सैलावतात. कुणी फोन काढतं, कुणी साहेबांना "पकडला" म्हणून कळवतं. पुढचा वार इथे होतो. जीपमध्ये बसवण्याआधी झडती व्हायलाच हवी. गाल आणि जिभेखाली, केसांत, पट्ट्यात, चपलेच्या तळव्यात, मोबाइलच्या कव्हरमध्ये. खिशात बोटं खुपसू नयेत. आधी बाहेरून चाचपायचं, "टोचेल असं काही आहे का" असं विचारायचं, मग खिसा उलटा करायचा. बेडीही प्रत्येकाला घालता येत नाही. कलम ४३ मध्ये यादी आहे: सराईत, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र वगैरे. प्रेमशंकर शुक्ला खटल्यात १९८० सालीच सर्वोच्च न्यायालयानं सरसकट बेड्यांना नकार दिला होता. त्या मुलाचा पूर्वेतिहास निघण्याआधी काढला होता का? सराईत नसेल तर बेडीचा आधार काय, हे वकील विचारणारच.

जिन्यात तू थबकलीस त्याबद्दल. बाईला ताब्यात घ्यायचं तर महिला पोलीस लागते. पुरुषानं तिच्या अंगाला सहसा हात लावायचा नाही आणि झडती बाईनंच घ्यायची, हे कायद्यात आहे. परिणाम असा होतो की सगळी तयारी पुरुषांची झालेली असते आणि शेवटच्या घटकेला बंदोबस्तावरून, ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून एका मुलीला उचलून गाडीत बसवतात. आरोपी कोण, गुन्हा काय, घरात अजून कोण आहे, तिला काही ठाऊक नसतं. आणि सगळ्यात जवळ तिलाच जायचं असतं. तुला त्या बाईबद्दल काय सांगितलं होतं? काहीच नसेल, तर जिन्यात थांबणं हे डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण आहे. यापुढे गाडीत बसण्याआधी विचार: तिच्यावर आधीचे गुन्हे आहेत का, नशा करते का, घरात कोण आहे, आणि माझ्याबरोबर दुसरी महिला कोण आहे. सूर्यास्तानंतर असेल तर दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेतली आहे का, हेही. हे प्रश्न विचारणाऱ्या मुलीला भित्री म्हणणारे भेटतील. म्हणू देत.

आता तुकाराम ओंबळे. त्यांचं नाव असं कुणाला टोचायला वापरलेलं मला अजिबात आवडलेलं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असलेल्या त्या सहायक फौजदारानं कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या पोटात घेतल्या आणि सोडली नाही. अशोक चक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. त्या धैर्यापुढे मी कायम नतमस्तक आहे. पण त्या रात्रीचं आणखी एक सत्य असं की तिथं नाकाबंदी लागलेली होती, गाडी अडवली गेली होती, आणि ओंबळेंनी नळी धरताच लाठ्या घेऊन तुटून पडायला सहकारी जागेवर हजर होते. म्हणून कसाब जिवंत हाती लागला. त्यांचं नाव घेणाऱ्या वरिष्ठांनी आधी आपल्या पथकाला तशी जागा आणि तसे साथीदार द्यावेत. मोबाइलचोराला धरायला जाताना कुणालाही ओंबळे व्हावं लागू नये, याचीच जबाबदारी वरिष्ठांची असते.

तू लायक आहेस का, हे तीन आठवड्यांवरून ठरत नाही. धोका जाणवला की शरीर रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवतं, हृदय धडधडतं, बोटांचं बारीक काम बिघडतं. बेडीची किल्ली भोकात जात नाही ती त्यामुळे, आणि हे वीस वर्षं नोकरी झालेल्यांचंही होतं. त्यावर सराव हाच उपाय मला माहीत आहे. जोडीदाराचं मनगट बरं झालं की पोलीस ठाण्याच्या आवारात रोज थोडा वेळ त्याच्या हाताला बेडी घाल. आधी सावकाश, मग तो हात ओढत असताना, मग अंधारात. पथकातल्या इतरांनाही सामील कर. लोक हसतील, आठवड्याभरात स्वतःहून येतील.

पण महिना उलटूनही रात्री दचकून जाग येत असेल, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असतील, कामाला निघताना पोटात गोळा येत असेल, तर तो मनाला झालेल्या जखमेचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत फोन आहे, मराठीतून बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथं ओळखीचं कुणी बघेल ही भीती मला कळते, पण १९०१ पासून उभ्या असलेल्या त्या रुग्णालयाबद्दल ठाणेकरांनी केलेल्या थट्टेनं किती जणांचे उपचार लांबले असतील, याचा विचार करून मला वाईट वाटतं. तू जा.

बदलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आत्ता अर्ज करू नकोस. साहेबांना भेटून महिनाभर धरपकडीतून सूट माग, कारण म्हणून दुखापत आणि चालू तपासण्या सांग, ते खरंही आहे. त्या महिन्यात सराव कर आणि पुढच्या प्रत्येक कारवाईआधी पाच मिनिटं बसून ठरवायचं, एवढी एक मागणी पथकापुढे ठेव. ती मान्य झाली तर तू तिथंच राहावंस असं मला वाटतं, कारण कुशीवर वळवा म्हणणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक पथकात हवी. मागणी उडवून लावली, पुन्हा तशीच घाईत नेली, तर बेधडक बदली माग. दामिनी पथक आहे, सायबर आहे, ११२ चं नियंत्रण कक्ष आहे. ते सगळं पोलिसांचंच काम आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र ऑफिसातल्या टेबलासाठी, निव्वळ वडिलांच्या समाधानासाठी गेलीस तर वर्षभरात तुला ते खुपेल असं तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटतं.

वडिलांना मात्र नुसतं "काही होत नाही मला" म्हणून गप्प करू नकोस. त्यांना जे दिसत नाही त्याची त्यांना भीती वाटते. रक्ततपासणीला त्यांना बरोबर ने. पोलीस कुटुंब आरोग्य योजनेचं कार्ड कुठं ठेवलं आहे, पगाराच्या खात्यावर अपघात विमा किती आहे, सेवापुस्तकात आणि निवृत्तिवेतनाच्या एनपीएस खात्यात नामनिर्देशन कुणाचं आहे, हे एका संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून तपास. नोकरीला लागताना घाईत भरलेल्या अर्जात चुका असतात, नाव अर्धवट, जन्मतारीख चुकलेली. त्या आस्थापना शाखेत जाऊन दुरुस्त करून घे, पोच घे आणि तिची एक प्रत वडिलांकडे दे.